उत्क्रांतीचं गणित आणि ग्रामसभेचा ठराव

डॉ. माधव गाडगीळ हे नाव महाराष्ट्राला पावसाळ्यात आठवतं. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडलं गेलं तेव्हा ते आठवलं, जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीच्या वेळी आठवलं, ३० जुलै २०२४ रोजी केरळात वायनाडला डोंगर खाली आला तेव्हाही आठवलं. दरड कोसळली की वाहिन्यांवर दोन दिवस ‘गाडगीळ अहवाल’ हा शब्द फिरतो, आणि चिखल वाळला की तोही वाळतो. होता होता माणसाचं नाव एका अहवालाचं नाव होऊन बसलं. त्यामुळे अहवालाच्या आधीची चाळीस वर्षं झाकली गेली. हा माणूस मुळात उत्क्रांतीचं गणित मांडणारा जीवशास्त्रज्ञ होता आणि जगभरातल्या विद्यार्थ्यांना त्याचा पहिला परिचय त्या गणितातून झाला, हे आपल्याकडच्या बऱ्याच वाचकांना ठाऊक नसतं.

गाडगीळांवर लिहिणारे साधारणपणे त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे करतात: आधीचा प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ आणि नंतरचा वर्तमानपत्रांतला, सभांतला, सरकारशी भांडणारा भाष्यकार. मला ही फाळणी पटत नाही. भाष्यकार गाडगीळ ज्या प्रश्नावर आयुष्यभर बोलले, तो प्रश्न उत्क्रांतिशास्त्रज्ञ गाडगीळांनीच त्यांच्या हाती दिला होता. जीव आखडता हात कधी घेतो? समोर आहे ते सगळं आजच ओरबाडायचं सोडून उद्यासाठी काही राखून ठेवणं कोणाला, कोणत्या परिस्थितीत परवडतं?

हे मी पाटोद्यात बसून लिहितो आहे. (व्याख्यानांतून ज्या आदर्श गाव पाटोद्याचं नाव ऐकू येतं ते भास्करराव पेरे पाटलांचं, छत्रपती संभाजीनगरजवळचं. आमचं पाटोदा बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या माथ्यावरचं, तालुक्याचं ठिकाण.) पश्चिम घाट इथून लांब आहे आणि घाटाच्या कोणत्याही नकाशात आम्ही येत नाही. पण बालाघाट ही सह्याद्रीचीच पूर्वेकडे निघालेली फांदी. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते, आणि दिवाळी आली की आमच्या वाड्या-तांड्यांवरून माणसं कारखान्यांकडे निघतात. वर्गात प्राणिशास्त्र शिकवताना मी गाडगीळांचं गणित फळ्यावर मांडत आलो आणि खिडकीबाहेर या गाड्या जाताना पाहत आलो. त्यामुळे त्यांच्या विचाराकडे मी जरा वेगळ्या बाजूने पाहतो.

जन्म पुण्याचा, २४ मे १९४२ चा. वडील धनंजयराव गाडगीळ म्हणजे गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक, पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. राज्यांना केंद्राकडून मिळणाऱ्या मदतीच्या वाटपाचं ‘गाडगीळ सूत्र’ त्यांच्याच नावाचं. शेजार इरावती कर्व्यांचा. टेकडीवर फिरायला येणाऱ्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी. अशा घरात मुलगा हुशार निघाला यात नवल नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो वेड्या राघूचा किस्सा. चौदा-पंधरा वर्षांच्या या मुलाला दिसलं की वेड्या राघूच्या शेपटीत जी लांब काडी असते, ती काही पक्ष्यांना नाहीच. त्याने सरळ सालिम अलींना पत्र टाकलं. उत्तर आलं की पिसं गळून नवी येण्याचा तो काळ आहे. सालिम अली उत्तर देतात ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची. पण आहे त्याच्याइतकंच नाही ते टिपणं ही त्या मुलाची नजर, आणि ती पुढे शेवटपर्यंत टिकली. वडिलांबरोबर एका जलविद्युत प्रकल्पाचं काम पाहायला गेल्याची आठवणही त्यांनी नोंदवली आहे. देशाला वीज हवीच, पण तिची किंमत म्हणून हे जंगल द्यायलाच हवं का, असा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ बापाने मुलासमोर मोठ्याने विचारला होता.

फर्ग्युसन कॉलेज, मुंबई विद्यापीठाची प्राणिशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि मग हार्वर्ड. गेले होते मासे अभ्यासायला, पण रमले गणितात. विल्यम बॉसर्ट नावाचे गणिती जीवशास्त्रज्ञ तिथे होते. संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं यंत्र होतं, त्या काळात गाडगीळांनी जीवांच्या आयुष्यक्रमाची समीकरणं त्यावर सोडवली. १९६९ मध्ये डॉक्टरेट झाली आणि १९७० मध्ये बॉसर्ट यांच्यासह लिहिलेला निबंध ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकात आला. जीवांच्या आयुष्यक्रमाविषयीच्या अभ्यासात तो आजही पायाभूत धरला जातो.

निबंधातला विचार समजायला समीकरणांची गरज नाही. आमच्याकडे बांधाबांधाला घायपात असते. वर्षानुवर्षं ती नुसती पानं फुगवत बसते. मग एके वर्षी तिच्या पोटातून दोन पुरुष उंचीचा दांडा वर येतो, फुलतो, पिल्लं खाली टाकतो आणि मूळ झाड वाळून जातं. शेजारी आंबा उभा असतो. तो दरसाल थोडाबहुत मोहोरतो आणि तरीही पन्नास वर्षं जगतो. दोघांनाही मिळणारं ऊन-पाणी मर्यादित. त्यातलं किती वाढीला, किती तगून राहायला आणि किती संततीला द्यायचं हा हिशेब दोघांपुढे आहे. (‘हिशेब’ हा शब्द सोयीचा. झाड हिशेब करत नाही, चुकीचा हिशेब करणाऱ्या झाडांची संतती उरत नाही, एवढंच.) गाडगीळ आणि बॉसर्ट यांनी दाखवलं की सगळं अवलंबून आहे ते नफ्या-तोट्याच्या रेषा कशा वाकतात त्यावर. थोड्या खर्चाने बरंच पदरात पडत असेल आणि पुढच्या प्रत्येक खर्चावर परतावा घटत असेल, तर हात राखून खर्च करणारा टिकतो, तो आंबा. थोडा खर्च वायाच जाणार असेल आणि सगळं ओतल्यावरच काही हाती लागणार असेल, तर एकदाच उधळून मरणारा टिकतो. ती घायपात, तोच बांबू, आणि अंडी घालायला समुद्रातून नदीत चढून मरणारा सामन मासाही तोच.

म्हणजे काटकसर हा झाडाचा सद्गुण नाही आणि उधळपट्टी हा दुर्गुण नाही. परिस्थितीची रेष कशी वाकते त्यावर ते ठरतं. माझ्या मते गाडगीळांच्या पुढच्या सगळ्या सार्वजनिक बोलण्याचं बीज इथे आहे. जंगल तोडणाऱ्या माणसाला त्यांनी सहसा दुष्ट म्हटलं नाही आणि राखणाऱ्याला संत म्हटलं नाही. तोडणं कुणाला परवडतं आणि ते का परवडू दिलं जातं, हे ते विचारत राहिले. भाषणांत चिडत, पण त्या चिडीमागची मांडणी हीच असे.

पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये त्यांचा आणखी एक निबंध आला, तो जीवांच्या पांगण्यावर. जन्मजागा सोडून जाणं धोक्याचं असतं, तरी बिया उडतात, पिल्लं दूर जातात. कधी? जिथे एका जागची सुबत्ता कायम राहत नाही, आज इथे तर उद्या तिथे अशी हलत राहते, तिथे पांगणारे टिकतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या दिवसांत हा निबंध शिकवताना मला दरवर्षी थांबावं लागे. विद्यार्थी लगेच म्हणत, सर, हे आपलंच. आपलं नाही, असं मी सांगत असे. बी वाऱ्यावर जातं; आमचा माणूस मुकादमाने दिलेल्या उचलीवर जातो. मागच्या हंगामातली फिटायची राहिलेली उचल ही निसर्गनिवड नव्हे.

हार्वर्डमध्ये प्राध्यापकी करण्याचा रस्ता मोकळा होता, तरी १९७१ मध्ये माधव आणि सुलोचना गाडगीळ भारतात परतले. सुलोचनाबाई गणिती, पुढे मॉन्सूनच्या लहरीपणाचा त्यांनी केलेला अभ्यास कोरडवाहू शेतकऱ्याच्या थेट कामाचा ठरला. तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुण्यात आताच्या आघारकर संशोधन संस्थेत दोन वर्षं काढून हे दांपत्य १९७३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेलं आणि पुढची तीस वर्षं तिथेच राहिलं. तिथलं परिसरविज्ञान केंद्र गाडगीळांनी उभं केलं.

पुण्यातल्या त्या दोन वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर ते देवराया पाहत हिंडले. मावळात, कोकणात, घाटमाथ्यावर देवाच्या नावाने राखलेले रानाचे तुकडे, जिथली काटकीही गावकरी घरी नेत नाहीत. १९७६ मध्ये दोघांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलं. तोवर देवराई हा शहाण्या माणसांच्या लेखी अंधश्रद्धेचा विषय होता, फार तर लोककथेचा. उत्क्रांतीचं गणित डोक्यात असलेल्या माणसाला मात्र तिथे एक कोडं दिसलं. संयम राखणारा माणूस गटात नेहमी तोट्यात जातो: मी गवत राखलं तर शेजाऱ्याची म्हैस ते खाते. गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये सामायिक कुरणांबद्दल हीच निराशा मांडली होती. मग शेकडो गावांनी शेकडो वर्षं हे तुकडे राखले कसे?

१९९१ मध्ये एन. व्ही. जोशी यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी याचं एक उत्तर दिलं, आणि मला ते त्यांच्या सगळ्या कामातलं सर्वात देखणं वाटतं. रानात नेमकं किती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. अशा वेळी ‘दरसाल इतकंच तोडा’ हा नियम कागदावर चांगला, पण चालवायला अवघड. अंदाज चुकला की रान संपलं. त्यापेक्षा ‘हा तुकडा अजिबात शिवायचा नाही, बाहेर काय करायचं ते करा’ हा नियम ढोबळ असूनही भरवशाचा. मोजणी लागत नाही, मोडणारा लगेच दिसतो, आणि बाहेर कितीही नासधूस झाली तरी त्या तुकड्यातून बी पुन्हा पसरतं. देवाचा धाक हा या नियमाचा पहारेकरी. तो नियम चालायचा तर दोन गोष्टी हव्यात: रान कुणाचं ते ठरलेलं हवं, आणि ज्यांनी राखायचं त्यांनाच पुढे ते वापरायला मिळणार ही खात्री हवी.

ही खात्री सरकारने कशी मोडली, ते त्यांना बांबूने शिकवलं. दांडेलीच्या कागद गिरणीला कर्नाटक सरकार टनाला दीड रुपया दराने बांबू देत होतं. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांना तोच बांबू बाजारात पैसे मोजून घ्यावा लागे, आणि पुढे तर मिळेनासा झाला. तक्रारी वाढल्या तेव्हा, १९७५ च्या सुमारास, सरकारने गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं. गिरणी म्हणे, गावकरी आणि त्यांची गुरं बांबू संपवतात. गावकरी म्हणत, गिरणी संपवते. वनखात्याची एक ठाम समजूत होती की बांबूच्या बेटाभोवतीचं काटेरी जाळं साफ केलं की वाढ चांगली होते. गावातली माणसं नेमकं उलटं सांगत होती: काटे गेले की कोवळे कोंब गुरं खातात, वानरं खातात, साळिंदर खातं. गाडगीळांनी मोजून पाहिलं. गावकरी बरोबर निघाले.

एरवी एखाद्या शोधनिबंधाच्या तळटिपेत राहिली असती अशी ही गोष्ट. पण इथून त्यांचा रस्ता वळला असं मी मानतो. शिकलेल्या खात्याला जे ठाऊक नव्हतं ते टोपली विणणाऱ्याला ठाऊक होतं, कारण बांबू संपला तर उपाशी तो राहणार होता. गिरणीचं तसं नव्हतं. एका डोंगरातला बांबू संपला की ती पुढच्या डोंगराकडे वळू शकत होती, आणि तिकडून आणण्याचा खर्च झेपावा म्हणून सरकार पाठीशी होतं. दीड रुपया टन या भावात आखडता हात घ्यायचं कारणच उरत नाही. गिरणीसाठी सरकारने रेषच अशी वाकवून ठेवली की उधळणाराच टिकावा. १९७० सालचं समीकरण आता अर्थसंकल्पाच्या भाषेत बोलू लागलं होतं.

इथवर मी त्यांच्याबरोबर आहे. पुढे एका ठिकाणी थांबावं लागतं.

मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्यासह गाडगीळांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला. तीन समूह, एकच कोरडा मुलूख, पण शिकार वेगवेगळी: नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकरं, साळिंदरं मारतात, वैदू मुंगूस, रानमांजर असे छोटे मांसाहारी प्राणी धरतात, फासेपारधी काळवीट आणि पक्ष्यांना फास लावतात. जंगलात जशा वेगवेगळ्या जातीच्या पाखरांनी झाडाचे वेगवेगळे मजले वाटून घेतलेले असतात, तसं हे वाटप. १९८३ मध्ये दोघांनी याच धाग्याने जातिव्यवस्थेवरच निबंध लिहिला. मुद्दा असा की एकेका साधनावर एकेका जातीची पिढीजात मक्तेदारी असल्यामुळे ते जपून वापरण्यात त्या जातीचं हित होतं, आणि म्हणून ही व्यवस्था परिसराच्या दृष्टीने टिकाऊ ठरली. रामचंद्र गुहांबरोबरच्या १९९२ च्या इतिहासग्रंथातही हा धागा आहे.

निरीक्षण म्हणून नंदीवाले-वैदू-पारध्यांचा अभ्यास अस्सल आहे. जातीपर्यंत नेलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि अनेक समाजशास्त्रज्ञांनीही त्यावर हरकती घेतल्या. झाडाचे मजले वाटून घेणाऱ्या पाखरांत एक पाखरू दुसऱ्याला पाणवठ्यावर येऊ नको म्हणत नाही. जातीने साधनं वाटली हे खरं. पण काहींच्या वाट्याला जमीन आली आणि काहींच्या वाट्याला मेलेलं जनावर, हे वाटप कुणी केलं हा प्रश्न परिसरशास्त्राच्या चौकटीत मावत नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये तो कायदा गेल्यावरही ज्यांच्यावरचा शिक्का गेला नाही, त्या पारध्याला ‘तुझा एक कोनाडा ठरलेला होता’ हे ऐकवणं मला जमणार नाही. मराठवाड्यात गायरान हा शब्द उच्चारून पाहा. एकाला तो गावाच्या गुरांचा चारा वाटतो. दुसऱ्याला दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून हक्काच्या तुकड्याची आशा वाटते. ज्याला आपण ‘गाव’ म्हणतो त्यात हे दोघेही असतात.

हार्वर्डमध्ये गाडगीळ होते तेव्हा तिथे शिकवणाऱ्यांत ई. ओ. विल्सन होते, मुंग्यांचे जगप्रसिद्ध अभ्यासक. प्राण्यांच्या समाजजीवनाचे नियम त्यांनी माणसापर्यंत आणले आणि १९७८ मध्ये एका परिषदेत आंदोलकांनी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. उत्क्रांतिशास्त्रज्ञ माणसांविषयी बोलू लागला की हा धोका येतोच: जे आहे ते का टिकलं हे सांगता सांगता, ते टिकण्याजोगंच होतं असं ऐकू येऊ लागतं. गाडगीळांवर पाणी पडलं नाही, आणि पुढच्या काळात त्यांचा भर जातीकडून हक्कांकडे सरकला. ते मला जास्त मोलाचं वाटतं.

हे सरकणं १९९५ च्या पुस्तकात स्पष्ट दिसतं. पुन्हा रामचंद्र गुहांबरोबरच. त्यात भारतातल्या माणसांची तीन गटांत वाटणी आहे. भोवतालच्या रानापाण्यावर जगणारे. दुरून कुठूनही सगळं ओढून आणू शकणारे सर्वभक्षी. आणि भोवताल उद्ध्वस्त झाल्याने गाव सोडलेले, परिसराचे निर्वासित. ही वाटणी वाचताना मी आमचा माणूस शोधू लागलो. तो कोणत्या गटात? दिवाळीच्या आगेमागे तो आणि त्याची बायको मिळून एक ‘कोयता’ होतात, कारखान्याच्या फडाशेजारी कोपी घालतात, वाढे विकून चार पैसे जोडतात. पाडव्याच्या आसपास परत येतात आणि मृगाला स्वतःच्या दोन-तीन एकरांत कापूस, बाजरी, तूर लावतात. म्हणजे सहा महिने निर्वासित आणि सहा महिने परिसरावर जगणारा. पुस्तकातल्या तीन गटांच्या मधून चालत जाणारा हा चौथा.

इथे एक योगायोग नोंदवल्याशिवाय राहवत नाही. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्याच्या मालकीचा कारखाना ही त्या काळातली मोठी मुक्तीची कल्पना होती, आणि ऊस लावणाऱ्याला तिने खरोखर उभं केलं. ऊस तोडणारा मात्र त्या सहकारात सभासद नव्हता. बापाने ज्या व्यवस्थेला अर्थशास्त्राचं बळ दिलं, तिच्या कडेला उभ्या असलेल्या माणसासाठी मुलाने ‘परिसराचा निर्वासित’ हा शब्द घडवला. मी यात कुणाला दोष देत नाही. पण गाडगीळांच्या लेखनात बांबूचा टोपलीवाला जसा हाडामांसाचा येतो तसा ऊसतोड्या येत नाही, ही उणीव मला पाटोद्यातून जाणवते.

घाटाच्या अहवालाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात उरकतो. मार्च २०१० मध्ये समिती नेमली, ऑगस्ट २०११ अखेर अहवाल गेला, सरकारने तो दडपला, माहितीच्या अधिकारात लढून मे २०१२ मध्ये तो बाहेर आला. सुमारे ९ बाय ९ किलोमीटरचे चौकोन पाडून सगळा घाट तीन प्रतींच्या संवेदनशीलतेत विभागला होता. पण त्यात वारंवार म्हटलं होतं की ही विभागणी तात्पुरती आहे, अंतिम शब्द ग्रामसभांचा. अहवाल लोकांच्या भाषेत त्यांच्यापुढे ठेवा. नेमकं तेच झालं नाही. लोकांपर्यंत पोहोचली ती अफवा, की घरं उठवणार. मग कस्तुरीरंगन समिती आली, तिने उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचा ३७ टक्के भाग वेगळा काढला, आणि आर्थिक निर्णयांत स्थानिकांना स्थान नाही अशा अर्थाचं विधान केलं. गाडगीळांनी २०१३ मध्ये कस्तुरीरंगन यांना उघडं पत्र लिहिलं. त्याची सुरुवात जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या एका प्रसिद्ध उक्तीने आहे. हॉल्डेन म्हणजे उत्क्रांतीला गणित देणाऱ्या तिघाचौघांपैकी एक. ब्रिटनमध्ये ते कामगारांच्या दैनिकात विज्ञानावर लिहीत, १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपण कोणत्या परंपरेत उभे आहोत हे गाडगीळांना पक्कं ठाऊक होतं. मराठीत ‘उत्क्रांती : एक महानाट्य’ लिहिणारा आणि मंत्रालयाला खरमरीत पत्र धाडणारा माणूस एकच आहे.

त्यांच्या भाष्यांपैकी वन्यजीव कायद्यावरचं भाष्य शहरी निसर्गप्रेमींना सर्वात जास्त झोंबलं. १९७२ चा कायदा मुळात अन्यायी आहे, शिकारीची भीती गेल्याने रानडुकरं पिकात निर्धास्त शिरतात, त्यांना मारण्याचा अधिकार गावाला द्या, असं ते म्हणत. आमच्या तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे, १९९४ पासून, जेमतेम तीस चौरस किलोमीटरचं. काही नरांनी मोठ्या शस्त्रांवर खर्च करावा आणि काहींनी तो टाळून वेगळ्या वाटेने मादी मिळवावी, हे दोन्ही एकाच जातीत कसं टिकतं यावर याच गाडगीळांनी १९७२ मध्ये निबंध लिहिला होता. मोर शिकवताना मी तोही सांगत असे. पण पेरणीनंतर दाणे वेचणाऱ्या मोरांच्या थव्यापुढे शेतकऱ्याला नराच्या पिसाऱ्याचं कौतुक किती काळ टिकेल? डुकरांबाबत मला त्यांचं म्हणणं पटतं. सरसकट शिकार खुली करण्याबाबत पटत नाही, कारण बंदूक गावात नेहमी त्याच घरी असते ज्या घरी विहीर असते.

आणि मग नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या घडणीत गाडगीळांचा हात होता आणि गावोगावच्या लोकांनी आपल्या जैवविविधतेची नोंद आपणच करावी ही कल्पना त्यांची. गडचिरोलीत मेंढा-लेखाने ती प्रत्यक्षात आणून दाखवली: २००९ मध्ये १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क, २०११ मध्ये बांबू विकण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती. दीड रुपया टनाचा बांबू अखेर गावाच्या भावाने विकला गेला. बाकी देशात मात्र हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि वह्या घाईने भरल्या गेल्या. आमच्या भागातल्या एका गावची अशी वही मी चाळली आहे. पक्षी आहेत, झाडं आहेत, शास्त्रीय नावं बिनचूक आहेत. गवतांच्या पानावर ‘स्थानिक गवत’ एवढा एकच शब्द. ज्या माळावर मारवेल, पवन्या, कुसळी, शेडा अशी चार गवतं चार वेगळ्या कामांची आहेत, तिथे एक शब्द. ती चार नावं सांगणारी माणसं, बहुतेक बाया, वही भरली गेली तेव्हा कर्नाटकाच्या सीमेवर ऊस तोडत होत्या.

गाडगीळांच्या टीकाकारांचा आक्षेप हाच असतो: गावावर सोपवा म्हणता, पण गाव जागेवर असतं कुठे? मी हा आक्षेप कॅलेंडरवर तपासला. राज्यात ग्रामसभांचे चार दिवस ठरलेले आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. चारांपैकी फक्त २६ जानेवारीला टोळ्या बाहेर असतात. १ मेला बहुतेक जण परतलेले असतात, पण माळ करपलेला असतो आणि ओळखायला गवत नसतं. १५ ऑगस्टला गवत कोवळं असतं. मारवेल आणि पवन्या तुऱ्यावर येतात ते भाद्रपद-आश्विनात, म्हणजे २ ऑक्टोबरच्या अलीकडे-पलीकडे. तेव्हा मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, कोयत्यांना धार लावणं चालू असतं, गाड्या निघायला अजून पंधरा-वीस दिवस असतात आणि बाया अजून गावात असतात.